विमान तेच, उड्डाण नवं: मधल्या थांब्यावर नेमकं काय घडतं

प्रश्न असा आला आहे: "आई ७४ वर्षांची आहे. नागपूरहून कोचीला माझ्या भावाकडे एकटीच जाणार आहे. तिकिटावर 'एक थांबा, बेंगळुरू, ४५ मिनिटे, विमान बदल नाही' असं लिहिलंय. तिला मध्ये उतरावं लागेल का? तिची बॅग कुठे मिळेल? की बेंगळुरूला तीन तास थांबून दुसरं विमान पकडायचं स्वस्त तिकीट घ्यावं?"

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. आईंना उतरावं लागणार नाही. चेक-इन केलेली बॅग कोचीलाच मिळेल. आणि एकट्या, वयस्कर माणसासाठी विमान न बदलणारी फ्लाइटच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. बेंगळुरूचा विमानतळ मोठा आहे. तिथे दुसरं गेट शोधत, पाट्या वाचत, घोषणा ऐकत चालायचं म्हणजे तरुणांचीही दमछाक होते.

मी सव्वीस वर्षं विमानतळावर काढली, त्यातली बरीचशी लोड कंट्रोलमध्ये. विमानात किती माणसं, किती सामान, ते कुठे ठेवायचं आणि विमानाचा तोल कसा राहील, याचा हिशेब करणारं हे खातं. मधल्या थांब्याच्या फ्लाइटला आम्ही 'व्हाया फ्लाइट' म्हणायचो, क्रूच्या तोंडी 'हॉपिंग' असायचं. प्रवाशाला वाटतं, नागपूरहून पुण्याला जाणारी एसटी मध्ये एखाद्या स्टँडवर दहा मिनिटं थांबावी तसंच हे. बाहेरून तसं दिसतं खरं. पण एसटी स्टँडवरून निघते तेव्हा तीच फेरी पुढे चालू असते. विमान मधल्या थांब्यावरून निघतं तेव्हा कागदोपत्री आणि हिशेबाने ते एक नवं उड्डाण असतं. खुर्ची तुमचीच, विमानही तेच, पण माणसांची मोजणी, वजन, तोल, इंधन, हवामान, कॅप्टनची सही, सगळं पहिल्यापासून. ही एक गोष्ट ध्यानात आली की थांब्यावर आईंना काय काय सांगितलं जाईल आणि का, ते आपोआप उलगडतं.

त्याआधी एक खात्री करून घ्या. 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' हे दोन शब्द लोक सर्रास एकाच अर्थाने वापरतात. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं विमान. डायरेक्ट म्हणजे फक्त एवढंच की सुरुवातीपासून शेवटपर्यंत फ्लाइटचा नंबर एक आहे. मध्ये एक थांबा असू शकतो, दोन असू शकतात. आणि नंबर एक असला म्हणजे विमानही एकच असेल, याची हमी तो शब्द देत नाही. मधल्या ठिकाणी प्रवाशांना उतरवून त्याच नंबराच्या दुसऱ्या, लहान किंवा मोठ्या विमानात बसवायची पद्धत जगभर होती आणि आजही कुठे कुठे आहे. म्हणून तिकीट काढताना 'विमान बदल नाही' हे शब्द पाहाच, शिवाय कंपनीला फोन करून विचारा. चेक-इनला आईंच्या हातात नागपूर ते कोची असा एकच बोर्डिंग पास आणि एकच सीट नंबर आला, तर काळजी नाही. दोन बोर्डिंग पास मिळाले तर काउंटरवर थांबून विचारायचं: विमान बदलणार आहे, की फक्त सीट?

आता बेंगळुरूला विमान टेकल्यावर काय होतं ते सांगतो.

विमान बे वर, म्हणजे त्याच्या थांबायच्या जागेवर, उभं राहतं, दार उघडतं आणि बेंगळुरूचे प्रवासी उठतात. हाच क्षण सगळ्यात धोक्याचा. दीडशे माणसं उठली, वरचे कप्पे उघडले, रांग लागली की बसून राहिलेल्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. 'कोचीला जाणाऱ्या प्रवाशांनी आपल्या जागेवर बसून राहावं' ही घोषणा होते, पण त्या गलक्यात, इंग्रजी-हिंदीत, घाईघाईने. माझ्या नोकरीत मी किमान पंधरा-वीस वेळा तरी पुढच्या गावाचा प्रवासी चुकून उतरलेला पाहिला आहे. त्यातले एक आजोबा विसरता येत नाहीत. शेजारचा उठला म्हणून तेही उठले, कोचमध्ये बसले, आगमन कक्षात गेले आणि बॅग येईना म्हणून पट्ट्यापाशी उभे राहिले. इकडे विमानात मोजणी एकाने कमी. नाव पुकारून झालं, कोणी ओ देईना. आम्ही वॉकी-टॉकीवर, ते पट्ट्यापाशी, मध्ये अर्धं विमानतळ. आगमनाचं दार एकदा ओलांडलं की उलटं आत येता येत नाही. पुन्हा प्रवेशद्वार, पुन्हा सुरक्षा तपासणी, मग गेट. ते सापडले, त्यांना सगळ्या तपासण्यांतून फिरवून आणलं, आणि विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. आजोबा घाबरून घामाघूम झाले होते, वरून सगळं विमान त्यांच्याकडे बघत होतं. चूक त्यांची नव्हती. उतरताना दाराशी बोर्डिंग पास पाहायला कुणीतरी हवं होतं.

म्हणून आईंना एकच वाक्य पाठ करायला सांगा: "मी कोचीची, मी उठणार नाही." वॉशरूमला जायचं असेल तर बेंगळुरूचे प्रवासी उतरून झाल्यावर क्रूला विचारून जावं.

बेंगळुरूकर उतरले की क्रू मोजणी करते. विमानात राहिलेली डोकी आणि नागपूरने कळवलेला आकडा जुळला पाहिजे. मग एक गोष्ट होईल, जी पहिल्यांदा बघणाऱ्याला विचित्र वाटते. क्रू वरचे कप्पे उघडून एकेका बॅगेला हात लावून विचारेल, "ही कोणाची?" कोणीतरी हात वर करतो, पुढची बॅग. ज्या बॅगेला मालक नाही ती विमानातून खाली उतरते, मग ती कोणी खरोखर विसरलेली असो की आणखी काही. आईंनी आपली पिशवी पायाशी किंवा समोरच्याच कप्प्यात ठेवावी आणि विचारलं की ठामपणे हात वर करावा. झोप लागली असेल तर त्यांची पिशवी उतरवली जाऊ शकते. हे मी भीती घालायला सांगत नाही, घडलेलं आहे.

ही मोजणी आणि ही विचारपूस का, ते सांगायलाच हवं. २३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिकवर फुटलं. ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती व्हँकुव्हरहून चेक-इन झाली होती आणि तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. बॅग आहे पण माणूस नाही, ही गोष्ट त्यानंतर जगभर कमालीच्या गांभीर्याने घेतली जाऊ लागली. आमच्या खात्यात नव्याने आलेल्या प्रत्येक पोराला हे मी पहिल्या आठवड्यात सांगायचो, कारण घाईच्या वेळी 'एकच तर कमी आहे, असेल वॉशरूममध्ये' असं म्हणायचा मोह होतो. एक कमी म्हणजे विमान हलत नाही. तो माणूस सापडला नाही तर होल्डमधून, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेतून, त्याची बॅग शोधून काढायची, आणि मगच दारं बंद करायची.

यावरूनच आणखी एका प्रश्नाचं उत्तर मिळतं, जो मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं: कोचीपर्यंतचं तिकीट बेंगळुरूपेक्षा स्वस्त आहे, मग ते काढून मध्येच उतरलं तर? करू नका. तुमची बॅग कोचीला जाईल किंवा तुमच्यामुळे सगळ्यांना ताटकळत ठेवून ती शोधली जाईल. हातसामानच असलं तरी मोजणी चुकते आणि शोधाशोध तीच. उलटंही चालत नाही. नागपूरपासूनचं तिकीट काढून बेंगळुरूला चढायचा बेत केलात, तर नागपूरला तुम्ही न आलेले म्हणून नोंदले जाता आणि पुढची जागा हातची जाते.

चेक-इनच्या बॅगेचं म्हणाल तर ती होल्डमध्ये असते, आणि तिथे आमचं खातं येतं. व्हाया फ्लाइटचं सामान गावागणिक वेगळ्या कप्प्यात लावतात. शेवटच्या गावाचं आतल्या बाजूला किंवा वेगळ्या होल्डमध्ये, मधल्या गावाचं दाराजवळ, मध्ये जाळी. विमान नागपूरहून उडालं की लगेच बेंगळुरूला एक संदेश जातो, त्याला आम्ही एलडीएम म्हणतो. कोणत्या कप्प्यात कोणत्या गावाचं किती किलो, हे त्यात असतं. तो वाचून तिथला लोडर ठरवतो की कोणता कप्पा रिकामा करायचा आणि कोणत्याला हातच लावायचा नाही. चूक होते ती बहुतेक टॅगमध्ये. काउंटरवर बॅगेला टॅग लागला की त्यावरची तीन अक्षरं वाचा: कोचीसाठी सीओके. तिथे बेंगळुरूचं बीएलआर दिसलं तर तिथल्या तिथे बदलून घ्या. हे दहा सेकंदांचं काम आहे, आणि हरवलेल्या बॅगांच्या तक्रारींतल्या कितीतरी याने टळतील.

मग तोल. समजा मधल्या गावी पुढच्या रांगांतले सगळे उतरले आणि पुढे जाणारे सगळे मागे बसलेले आहेत. विमान मागे जड झालं. नवीन प्रवासी कुठे बसवायचे, नवीन सामान पुढच्या होल्डमध्ये किती टाकायचं, याचा हिशेब करून नवी ट्रिम शीट, म्हणजे वजन आणि तोलाचा कागद, काढतात. ती कॅप्टनच्या हातात पडून सही झाल्याशिवाय विमान निघत नाही. प्रवासी कमीच असतील तर क्रू येऊन म्हणते, 'आपण टेक-ऑफपुरतं पुढे बसाल का?' लोकांना वाटतं आपली चांगली सीट काढून घेतली. तसं नसतं. लहान गावांना जाणारं एटीआर हे पंख्यांचं छोटं विमान तर इतकं हलकं असतं की सामान-माणसं चढता-उतरताना शेपटीखाली एक टेकू लावून ठेवतात, नाहीतर मागचा भाग जमिनीला टेकायचा.

इंधनाचं गणितही यातच गुंतलेलं. विमानाच्या इंधनावरचा व्हॅट राज्यागणिक वेगळा. म्हणून जिथे स्वस्त तिथे दोन टप्प्यांचं इंधन भरून घ्यावं, असा कंपन्यांचा कल असतो. पण विमान उतरताना किती जड असावं यालाही मर्यादा आहे. उडताना जेवढं वजन चालतं त्याहून हे बरंच कमी असतं. टप्पा छोटा असेल तर वाटेत इंधन फारसं जळत नाही आणि उतरताना विमान मर्यादेच्या वर जातं. त्यामुळे कधी बेंगळुरूला इंधन भरावं लागतं, कधी नाही. भरायचं असेल आणि प्रवासी आत असतील, तर क्रू पट्टे सोडायला सांगते, दारांपाशी उभी राहते, बाहेर शिडी किंवा एरोब्रिज लावलेला राहतो. काही झालं तर क्षणात बाहेर पडता यावं म्हणून. इतर वेळी पट्टा बांधा म्हणणारी क्रू आता सोडा का म्हणते, हे आईंना आधीच सांगून ठेवा. त्या वेळी फोन बंद ठेवायला सांगितलं तर ठेवावा.

प्रत्येक टेक-ऑफ स्वतंत्र असतं, हे आपल्या महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. इंडियन एअरलाइन्सची फ्लाइट ४९१ दिल्लीहून जयपूर, उदयपूर, औरंगाबाद करत मुंबईला यायची. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून, म्हणजे त्याच नंबरावर चौथ्यांदा, उडताना तिचं चाक धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला लागलं. ५५ जण गेले. विमान उशिरा उचललं गेलं, आणि रस्त्यावरची वाहतूक रोखलेली नव्हती, ही कारणं पुढे आली. आधीचे तीन टप्पे सुरळीत झाले म्हणून चौथा आपोआप होत नाही. आम्ही प्रत्येक थांब्यावर तीच ती यादी नव्याने तपासतो तेव्हा प्रवासी घड्याळं बघतात. बघू देत.

एवढी यातायात, मग कंपन्या अशा फ्लाइट चालवतात कशाला? एकेकाळी इलाजच नव्हता. विमानांची धावच तेवढी नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने निघाले ते अहमदाबादला उतरून जुहूला आले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. पुढे मुंबईहून बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी उडवला. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं तेही कैरो आणि जिनिव्हाला थांबत. १९६० मध्ये एअर इंडिया न्यूयॉर्कला पोचली ती लंडनमार्गे. आपल्याकडची इंजिनिअर-डॉक्टरांची एक अख्खी पिढी अमेरिकेला गेली ती असे थांबे घेतच, आणि हीथ्रोवरच्या त्या थांब्याच्या आठवणी अजून घराघरांत निघतात. मुंबई ते न्यूयॉर्क न थांबता जाणारी एअर इंडियाची सेवा २००७ साली सुरू झाली.

आज कारण वेगळं आहे. नागपूरहून कोचीला रोज एक विमान भरेल एवढे प्रवासी नसतात. पण नागपूर-बेंगळुरू, बेंगळुरू-कोची आणि नागपूर-कोची हे तिन्ही प्रकारचे प्रवासी एकाच विमानात बसवले की ते भरतं. एकच खुर्ची नागपूर ते बेंगळुरू एकाला आणि तिथून पुढे दुसऱ्याला विकता येते. याचं सगळ्यात देखणं उदाहरण पॅसिफिक महासागरात आहे. युनायटेड या अमेरिकी कंपनीचं बोइंग ७३७ गुआमहून होनोलुलूला जाताना चुक, पोह्नपेई, कोस्राए, क्वाजालेन आणि माजुरो अशा पाच बेटांवर उतरतं. यातल्या क्वाजालेनवर अमेरिकी लष्कराचा तळ असल्याने परवानगी असलेल्यांनाच उतरता येतं. वाटेत बिघाड झाला तर दुरुस्तीला कोणी मिळणार नाही, म्हणून मेकॅनिक आणि सुटे भाग विमानातच घेऊन जातात. त्या बेटांसाठी ते विमान म्हणजे एसटी, टपाल आणि किराणा, सगळं एकच.

परदेशी थांब्याचे नियम मात्र आपल्या देशांतर्गत थांब्यासारखे नाहीत. भाऊ-बहीण अमेरिकेत असलेल्यांनी हे नीट वाचावं. सिंगापूर एअरलाइन्सचं न्यूयॉर्कला जाणारं एक विमान फ्रँकफर्टला थांबतं. तिथे सगळ्यांना हातसामानासकट उतरावं लागतं, पुन्हा सुरक्षा तपासणी होते आणि मग त्याच खुर्चीत परत. चेक-इनच्या बॅगा विमानातच राहतात. अमेरिकेत तर जमिनीला पाय लागला की तिथेच इमिग्रेशन, पुढे तुम्ही दुसऱ्या देशाला चाललेले असलात तरी. एअर न्यूझीलंडची ऑकलंड-लॉस एंजेलिस-लंडन फ्लाइट २०२० पर्यंत चालायची. लंडनच्या प्रवाशालाही लॉस एंजेलिसला अमेरिकेच्या तपासणीतून जावं लागे आणि त्यासाठी अमेरिकेत शिरण्याची परवानगी हाताशी लागे. तेव्हा थांबा कोणत्या देशात आहे ते आधी बघा आणि त्या देशाच्या ट्रान्झिट व्हिसाचं दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासा. तिकीट विकणाऱ्या एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आईंकडे परत येतो. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्या, चालता येत असलं तरी. त्याचा खरा फायदा चाकांचा नाही. व्हीलचेअर मागितली की आईंची नोंद प्रणालीत जाते आणि त्यांच्याबद्दलचा संदेश पुढच्या विमानतळांना पोचतो: अमुक सीटवर अमुक प्रवासी, उतरणार कोचीला. बेंगळुरूला कोणी 'आजी, चला' म्हणून उठवायला आलंच, तर त्याच्या हातातल्या कागदावर कोची लिहिलेलं असतं.

दुसरं, बेंगळुरूला क्रू बदलू शकते. नागपूरला तुम्ही ज्या मुलीला सांगाल की 'आईकडे जरा लक्ष ठेवा', ती बेंगळुरूला उतरून गेलेली असेल. तेव्हा नवी क्रू दिसली की आईंनी स्वतःहून बोर्डिंग पास दाखवून सांगावं. गोळ्या, पाण्याची बाटली, थोडं खाणं हाताशी असू द्या. दोन टप्पे आणि थांबा मिळून चार तास सहज जातात.

आणि भावाला सांगून ठेवा. फ्लाइट पाहायच्या ॲपवर हा एकच नंबर दोनदा 'उतरलं' असं दाखवेल. पहिलं 'उतरलं' बेंगळुरूचं. ते बघून तो नेडुंबस्सेरीला, म्हणजे कोचीच्या विमानतळावर, जाऊन बसला आणि आई दिसेना म्हणून त्याने तुम्हाला फोन केला, की दोन्ही घरं हवालदिल होतात. बेंगळुरूला आईंना नेटवर्क मिळेल, त्या फोन करतील. तेव्हा 'पोचलीस का?' असं विचारू नका. त्या 'हो' म्हणतील, उठतील आणि कप्पा उघडतील. 'बसून आहेस ना?' एवढंच विचारा.